आर्व्हिल टोलर यांच्या स्मृतीस

माझा भाऊ लोवेल लहानपणी उलटी आली की नेमका माझ्या पलंगापाशी येऊन उलटी करायचा. आई म्हणायची, अगं, तुझ्यावर जीव आहे त्याचा. पन्नाशीला टेकले तरी मला या जिवाचा अर्थ कळलेला नाही. घाण त्याने करायची आणि फडकं घेऊन मी धावायचं, एवढंच कळलंय.

लोवेल गाणी लिहितो आणि गातो. नऊ वर्षं झाली, गिटार घेऊन गावोगाव फिरतो. मोठ्या सभागृहांत नाही, लहान जागांत. चर्चचं तळघर, पुस्तकांच्या दुकानाची मागची खोली, कुणाचा तरी रिकामा केलेला गोठा. साठ-सत्तर माणसं गप्प बसून ऐकतात आणि घरी जाताना डोळे पुसतात. या नऊ वर्षांत आमच्या डोंगरांत मात्र तो एकदाही गायला नव्हता. ओहायोत गायचा, इंडियानात गायचा, पार मिशिगनपर्यंत जायचा. वेस्ट व्हर्जिनियाची गाणी वेस्ट व्हर्जिनिया सोडून सगळीकडे.

ऑक्टोबरात तो नेव्हाबाईंच्या हॉलमध्ये गाणार असल्याचं कळलं तेव्हा मला आश्चर्यच वाटलं. नेव्हाबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीण. घाटापलीकडच्या गावात ढेप-पेंडीचं एक जुनं दुकान त्यांनी विकत घेतलंय आणि दर रविवारी दुपारी तीन वाजता तिथे गाणं ठेवतात. दारू नाही, बडबड नाही, फोन वाजला तर बाहेर. लोवेलबरोबर फिरणाऱ्या कॉरिन नावाच्या बाईने त्याला न विचारताच तारीख घेऊन टाकली होती.

त्याने मला फोन केला. "ड्रेमा, डॅडींना आणू नकोस हं. तिथे अजून पेंडीची धूळ उडते. त्यांच्या छातीला सोसायची नाही."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. डॅडींनी एकतीस वर्षं खाणीत काढली. त्यांची फुप्फुसं आता कोळशानेच भरलेली आहेत, आणि यंत्रांच्या घरघरीने कानही गेलेत. पोराला एवढं तरी सुचलं, असं मनात आलं.

मी डॅडींना सांगितलं तर ते माझ्यावरच खेकसले. "माझा पोरगा घाटापलीकडे गाणार आणि मी इथे बसून खिडकीतून कुत्रं बघू? यंत्र चार्जिंगला लाव."

तर रविवारी ऑक्सिजनचं यंत्र त्यांच्या खांद्याला लटकवलं, नळी नाकात घातली, चर्चला जायचा निळा शर्ट घातला आणि आम्ही निघालो. मी शाळेची बस चालवते, घाटाची वळणं मला पाठ आहेत. डॅडी वाटेत दोनदा म्हणाले, "मागे बसू या. उगाच त्याला लाजल्यासारखं व्हायला नको." म्हातारा हरखला होता.

हॉलच्या दाराशी एका टेबलावर सीड्या मांडल्या होत्या. लोवेलची नवी सीडी मी उचलली. वर त्याचा फोटो, पडक्या कुंपणाला टेकून उभा. बूट फाटके. ते बूट फाटकेच विकत मिळतात, मी दुकानात पाहिलेत. आतलं कागदाचं पान उघडलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: माझे वडील आर्व्हिल टोलर यांच्या स्मृतीस. १९४६–२००९.

मी ती ओळ तीनदा वाचली. मग मागे वळून पाहिलं. आर्व्हिल टोलर नेव्हाबाईंकडून पेपरोनी घातलेला पाव घेत होते आणि मोहरीची चटणी आहे का म्हणून ओरडून विचारत होते.

तळपायाची आग मस्तकाला गेली म्हणजे काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. मी त्यांना चौथ्या रांगेत कडेला बसवलं आणि मागच्या बाजूला, कॉफीच्या मोठ्या भांड्यापाशी, लोवेलला गाठलं. त्याने आम्हाला आधीच पाहिलं होतं. तोंड पिठासारखं झालं होतं.

"आणू नको म्हटलं होतं ना तुला!"

"धुळीमुळे," मी म्हणाले. "धुळीमुळे म्हणाला होतास." आणि ते पान त्याच्या नाकासमोर धरलं.

"हळू बोल. ड्रेमा, ते पात्र आहे गं. गाण्यातला बाप. गाण्यातला बाप म्हणजे आपला बाप नव्हे."

"नाव आपल्या बापाचं आहे."

"नाव बसतं चालीत! तू बसवून बघ दुसरं."

"आणि साल? सालही चालीत बसतं का रे मेल्या?"

तो दात आवळून म्हणाला, "एकदा सांगून गेलो. पहिल्याच वर्षी. लोक रडले. बाहेर येऊन मिठ्या मारल्या. मग पुढच्या गावात तेच विचारायला लागले. परत कसं सांगणार, की बाप घरी बसून टीव्ही बघतोय?"

दोन हजार नऊ साली डॅडींनी याच्या गाडीचे टायर घेऊन दिले होते, मला चांगलं आठवतं. मी म्हटलं, "आज ते गाणं म्हणायचं नाही."

"नाही म्हणत."

"शपथ घे."

"आईची शपथ."

आई तरी खरंच वारलेली आहे, म्हणून मी विश्वास ठेवला.

समोर तीन खुर्च्या मांडल्या होत्या. लोवेल, कॉरिन आणि एक दाढीवाला बँजोवाला. आमच्याकडे अशी बैठक असते. एकाने गायचं, दुसऱ्या दोघांनी हलकेच साथ द्यायची, मग पुढच्याची पाळी. आणि प्रत्येकाने आपल्या गाण्याआधी सांगायचं की हे गाणं कुठून आलं. बँजोवाल्याला बोलता येत नव्हतं. तो म्हणाला, "हे माझ्या मावशीच्या कोंबड्यांवर आहे," आणि वाजवायला लागला. मला तो आवडला. लोवेलचं मात्र गाणं साडेतीन मिनिटांचं आणि कहाणी सात मिनिटांची. आणि ती बोली! आमच्या घरात कुणीही तसं बोलत नाही. शब्द चघळून, शेपट्या तोडून, टीव्हीतले डोंगरी लोक बोलतात तसं. हा पोरगा आयुष्यात एक दिवसही जमिनीखाली गेलेला नाही. एकदा दुकानात पोती उचलायची नोकरी केली, नवव्या दिवशी पाठ धरली म्हणून सोडली. आणि इथे हाताच्या घट्ट्यांबद्दल बोलत होता. साठ माणसं माना डोलवत होती. बरीचशी कॉलेजच्या गावातून गाड्या काढून आली होती.

डॅडींना शब्द कळत नव्हते, पण ते हसत होते. माझ्या कानात म्हणाले, "बोटं बघ. बोटं माझ्या आईसारखी आहेत त्याची." कानात म्हणजे त्यांच्या मते कानात. तीन रांगांना ऐकू गेलं.

मध्यंतराला एक पाळी उरली होती. लोवेल नदीवरचं कुठलंसं गाणं काढत होता तेवढ्यात कॉरिनने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाई वाईट नाही. ओहायोतल्या कोलंबसची आहे, डोळ्यांत कायम पाणी, आणि तिला सगळं खरं वाटतं.

"लोवेल," ती माईकमध्ये म्हणाली, "मला माहितीये, इथे, याच डोंगरात, तुला ते जड जाईल. पण म्हण ना. तुझ्या वडिलांसाठी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोवेलने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही. त्याने एकदा टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग खाली पाहून खुंट्या पिळायला लागला. आणि मला कळलं की शपथेबरोबर आईसुद्धा गेली.

निदान नुसतं गाणं म्हणायचं. पण नाही, कहाणी सांगितली. "माझे वडील, आर्व्हिल टोलर," तो म्हणाला, आणि नाव तोंड अगदी माईकला लावून म्हणाला. "तिसऱ्या पाळीत होते. छत बोलायला लागलं. खाणीत छत पडण्याआधी बोलतं. डॅडींनी दोन माणसांना ढकलून बाहेर काढलं. तिसऱ्यांदा स्वतः निघायला वेळ मिळाला नाही."

मी ते मरण ओळखलं. कारण हे मरण काही लोवेलने मनाने रचलं नव्हतं. ते ऑडी लेस्टरचं होतं. शहाऐंशी साली ऑडीने दोन माणसांना ढकललं. एक त्याच वर्षी फ्लोरिडाला निघून गेला. दुसरे माझे वडील. मे महिन्यात थडग्यांवर फुलं घालायचा दिवस येतो तेव्हा डॅडी आधी ऑडीकडे जातात, मग आईकडे. आईने यावरून कधी तोंडातून शब्द काढला नाही. आमच्या घरात जेवायला बसताना देवाचे आभार मानून झाले की डॅडी थोडं थांबतात. तेवढी जागा ऑडीची. लोवेल त्याच टेबलावर वाढला.

गाणं सुरू झालं. चांगलं आहे हो गाणं. तेच तर जास्त घाणेरडं.

नेव्हाबाईंच्या हॉलमध्ये एक रीत आहे. खाणीत गेलेल्या माणसाचं गाणं आलं की पुरुष टोप्या काढून उभे राहतात. कुणी सांगावं लागत नाही. मागे पाच-सहा म्हातारे उठले. खुर्च्या वाजल्या. कॉलेजवाले इकडेतिकडे बघत त्यांच्या मागोमाग उठले. आणि मग माझ्या शेजारी डॅडींनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली, दोनदा प्रयत्न केला, उठले, टोपी काढून छातीशी धरली. त्यांना आपलं नाव ऐकू आलं होतं. टोप्या निघालेल्या दिसल्या होत्या. माणूस बहिरा आहे, मूर्ख नाही. आपण मेलोय एवढं त्यांना कळलं होतं, आणि ते रीतीप्रमाणे उभे होते. यंत्र फुस्स-फुस्स करत होतं. लोवेल डोळे मिटून गात होता.

मला उठून ओरडायचं होतं. डॅडींनी टोपीच्या हातानेच माझा खांदा दाबला.

मध्यंतरात कॉरिन थेट आमच्याकडे आली. लोवेल तिच्या मागे, तिला अडवायला धडपडत. तिने डॅडींचा हात दोन्ही हातांत घेतला. "तुम्ही ज्या तऱ्हेने उभे राहिलात! तुम्ही ओळखत होतात का हो त्यांना?"

डॅडींनी लोवेलकडे पाहिलं. बापाने पोराला बोलायची संधी दिली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. चांगली लांब संधी दिली.

"काका आहेत माझे," लोवेल म्हणाला. "डॅडींचे भाऊ."

माझ्या तोंडात पेपरोनीचा घास होता. तो मी कागदात थुंकला.

"हो," डॅडी म्हणाले. "ओळखायचो. माणूस बरा होता." मग लोवेलच्या दंडावर थोपटलं. "छान गातोस, पुतण्या."

मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. इथे म्हैस स्वतः उभी राहून दुधाचं माप सांगत होती. मी डॅडींना बाहेर गाडीत नेऊन बसवलं. दार जोरात आपटलं.

"चिडू नकोस," ते म्हणाले. "पोरांचं पोट असतं त्यावर. मेलो तर मेलो. आज ना उद्या खरंच होणार आहे ते." थोडा वेळ दम घेतला. "पण काय गं, मी नेमका कसा मेलो म्हणाला तो? मला ऐकू नाही आलं."

खोटं बोलता आलं असतं. हृदय बंद पडलं, म्हणता आलं असतं. पण मला राग आला होता, आणि रागात मी खरंच बोलते. मी त्यांच्या चांगल्या कानात सगळं ओरडून सांगितलं. छत, तिसरी पाळी, दोन माणसं, तिसरी खेप.

डॅडींचा चेहरा मी खाणीच्या संपाच्या वर्षी पाहिला होता तसा झाला. मग त्यांनी गाडीचं दार उघडलं.

"कुठे?"

"आत."

"डॅडी, मी बोलते."

"तुला नाही ढकललं त्याने. मला ढकललं."

बैठक पुन्हा सुरू झाली होती. बँजोवाला मावशीवरच काहीतरी सांगत होता. डॅडी मधल्या वाटेने चालत गेले, एका हाताने खुर्च्या धरत. तीनही खुर्च्यांसमोर जाऊन थांबले. बँजोवाल्याने बोटं उचलली. नेव्हाबाई उठल्या आणि डॅडींचं तोंड बघून परत बसल्या.

"मी आर्व्हिल टोलर," डॅडी म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसं, भिंतीपर्यंत पोचेल असं. "मेलो नाही. हा माझा मुलगा. लोवेल, माझं मरण सांगितलंस त्याचं मला काही नाही. पण ते माझं नव्हतं. ते ऑडी लेस्टरचं आहे. त्याने मला ढकललं म्हणून तू जन्माला आलास. तुझी आई पुढच्या वर्षी बाळंत झाली." श्वास संपला. यंत्राने तो परत आणेपर्यंत सगळा हॉल थांबला. "आता पुन्हा म्हण. त्याच्या नावाने."

कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. कॉरिनने लोवेलकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी पहिल्यांदाच आटलेलं दिसलं.

लोवेलने गिटार घेतली. पळून गेला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगते. म्हटलं गाणं. "माझे वडील" असेल तिथे "वडिलांचा जोडीदार" घालताना ओळ लंगडायला लागली. यमकं मोडली. एका कडव्याला तर काहीच बसेना, तिथे त्याने नुसतं नाव घेतलं, ऑडी लेस्टर, ऑडी लेस्टर, आणि पुढे गेला. म्हातारे उभे राहिले. कॉलेजवाले या खेपेला बसूनच राहिले, त्यांना बहुतेक कळत नव्हतं कुठे बघावं. टाळ्या थोड्या पडल्या. डॅडींनी मात्र मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी, आणि मला म्हणाले, "चल."

गाडीपाशी लोवेल धावत आला. मला वाटलं, बापाच्या पायाशी येतोय. तो माझ्या खिडकीशी आला. "नऊ वर्षं, ड्रेमा," तो फिसकारला. "नऊ वर्षं घालवलीस तू माझी." मी काच वर केली. त्याची बोटं चिमटली असती तरी मला चाललं असतं.

घाट उतरताना डॅडी खुशीत होते. "पोरगा वाईट नाही," म्हणाले. "सांगितलं की ऐकतो. ऑडीच्या मोझेलला कळवायला हवं. नवऱ्याचं नाव गाण्यात आलं, तिला बरं वाटेल." आणि घरी पोचल्या पोचल्या त्यांनी खरंच फोन लावायला लावला. मोझेल लेस्टर ब्याण्णव वर्षांची आहे. फोनवर ती म्हणाली, आर्व्हिल, मी रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना सांगेन.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, शाळा सुटायच्या आधी बसमध्ये बसले असताना, मला फोनवर एक व्हिडिओ आला. लांबच्या एका भाचीने पाठवला होता, खाली बदामाचं चित्र. इंडियानातली कुठलीशी लहान जागा. लोवेल एकटाच. कॉरिन नव्हती.

पोरं चढली, मी बस चालवून सगळ्यांना घरी सोडलं आणि घरी जाऊन स्वयंपाकघरात तो पाहिला.

"माझे वडील, आर्व्हिल टोलर," लोवेल म्हणत होता. छत, तिसरी पाळी, दोन माणसं. सगळं तसंच. मग त्याने आवाज खाली आणला. "आणि मागच्या महिन्यात मी पहिल्यांदा माझ्या डोंगरात हे गाणं गायलो. गाणं संपलं आणि एक म्हातारा उठला. डॅडींचे धाकटे भाऊ. आता त्यांना काही आठवत नाही. नाकात नळी घालून ते चालत पुढे आले आणि म्हणाले, मीच आर्व्हिल. मी मेलो नाही." तो थांबला. किती वेळ थांबायचं ते त्याला बरोबर माहीत आहे. "त्यांनी मला दुसऱ्याच कुणाच्या नावाने गाणं म्हणायला लावलं. मी म्हटलं. काय बिघडतं? भावाशिवाय जगता येत नाही म्हणून माणूस स्वतःच भाऊ झाला होता."

बायका रुमाल शोधत होत्या. एक पुरुष तोंड झाकून रडत होता. आजवर त्याच्या कुठल्याही कहाणीला एवढे लोक रडलेले मी पाहिले नव्हते. मला खरोखर मोरीपाशी जाऊन उभं राहावं लागलं.

डॅडी टेबलाशी शेंगांच्या शिरा काढत बसले होते. त्यांनी मान वर केली. "लोवेल आहे का गं? चाल ऐकल्यासारखी वाटते."

"हो."

"मोठा कर. मोझेल परवा विचारत होती."

"मोठा होत नाही," मी म्हणाले. "व्हिडिओच तसा आलाय."

"असू दे. ऑडीचं नाव घेतो ना?"

फोनमध्ये टाळ्या चालूच होत्या. डॅडींच्या हातात अर्धी सोललेली शेंग तशीच होती.

"घेतो," मी म्हणाले. ते वाट बघत राहिले, म्हणून आणखी म्हणाले, "दर वेळी घेतो. आधी ऑडी कोण ते सांगतो. लोक उभे राहतात, डॅडी. टोप्या काढतात. परवा एक बाई तर म्हणाली म्हणे, की मला त्यांच्या थडग्यावर फुलं पाठवायची आहेत."

ती बाई कुठून आली मला माहीत नाही. आपोआप आली, आणि तिच्याबरोबर कसल्या रंगाची फुलं तेही तोंडाशी आलं होतं. डॅडींचा चेहरा उजळला. त्यांनी मोझेलचा नंबर लावायला सांगितला. मी लावला, आणि फोन त्यांच्या हातात देताना मला माझ्याच हाताची शिसारी आली.